आंतरमहाविद्यालयीन महिला फुटबॉल स्पर्धा (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ)

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थिनींची फुटबॉल स्पर्धा. विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठ होण्याआधी खानदेशातील, म्हणजे याच जिल्ह्यांतील, महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे इथल्या खेळाडूला विद्यापीठाच्या संघात शिरायचे तर गाठ थेट पुण्याशी असे.

खेळांसाठी महाविद्यालयांची जळगाव, एरंडोल, धुळे व नंदुरबार अशा विभागांत वाटणी केलेली आहे. आधी विभागातल्या महाविद्यालयांचे आपसांत सामने, मग आंतरविभागीय स्पर्धा, असा रिवाज. या वाटेचे खरे वैशिष्ट्य मात्र पुढच्या टप्प्यावर दिसते. तुलनेसाठी अमेरिका घ्या. तिथे एनसीएए ही संस्था १९८२ पासून महाविद्यालयीन महिला फुटबॉलची अजिंक्यपद स्पर्धा घेते. तिथल्या बहुतेक प्रादेशिक गटांची, म्हणजे कॉन्फरन्सची, अजिंक्यपद स्पर्धा जिंकणारा संघ जसाच्या तसा राष्ट्रीय फेरीत जातो. आपल्याकडे जिंकलेले महाविद्यालय करंडक घेऊन घरी येते आणि पुढे जातो तो निवड समितीने वेगवेगळ्या महाविद्यालयांतून वेचलेला विद्यापीठाचा संघ. पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाची चांगली गोलरक्षकही त्यात असू शकते. लहान गावांच्या दृष्टीने ही पद्धत अमेरिकन पद्धतीपेक्षा न्याय्य म्हणायला हवी, अर्थात निवड समितीने बाद झालेल्या संघांचे सामनेही डोळे उघडे ठेवून पाहिले तर.

भुसावळ–बडनेरा लोहमार्गावरील बोदवड हे असेच गाव, जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे ठिकाण. तिथे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयापुढची पहिली अडचण डावपेचांची नसते, अकरा मुली जमवण्याची असते. कबड्डी-खोखो शाळेपासून अंगवळणी पडलेले. फुटबॉलचे तसे नाही. नियमांनुसार एखाद्या संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच करता येत नाही. त्यात स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यानंतरच्या सत्रात आला की कापूस वेचणीशी गाठ पडते. मैदानही बहुधा काळ्या मातीचे : पावसात पाय रुतणार, ऊन लागले की भेगा पडणार आणि आखलेली फक्की वाऱ्यावर जाणार.

निवडलेला संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. ती असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था (स्थापना १९२५, तेव्हाचे नाव आंतरविद्यापीठ मंडळ) कोणा एका विद्यापीठाकडे यजमानपद देऊन भरवते. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश येथील विद्यापीठे या विभागात येतात. संघ पुष्कळ असल्याने सुरुवात बाद पद्धतीने होते आणि शेवटचे चार संघ साखळी सामने खेळतात. हेच चौघे अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. एका खराब दुपारी कित्येक महिन्यांचा सराव संपू शकतो तो या बाद फेरीत. विद्यापीठाच्या सीमांची गंमतही इथेच कळते. बोदवडहून त्याच लोहमार्गावर पूर्वेला असलेले मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. त्यामुळे शेजारच्या या दोन गावांच्या मुली विद्यापीठीय फुटबॉलमध्ये समोरासमोर आल्याच, तर या स्पर्धेत, यजमान विद्यापीठाच्या मैदानावर.

विद्यापीठाकडून खेळलेल्या विद्यार्थिनीला ‘कलर होल्डर’ म्हणतात आणि तिला मिळणाऱ्या कोटाला ‘कलर कोट’. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात या नोंदीला करंडकाइतकेच वजन असते.

विद्यापीठीय स्पर्धांपलीकडे पाहिले तर २०२२ मध्ये महाराष्ट्रात महिला फुटबॉलचे दोन मोठे सोहळे झाले. जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई व पुण्यात झाले; यजमान भारताला मात्र करोनाबाधित खेळाडूंमुळे मधूनच बाहेर पडावे लागले. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत खेळला गेला आणि स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवले. यांतला एकही सामना खानदेशाच्या वाट्याला आला नाही.