लहान पंखा, मोठा आवाज

संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला सुरुवातीला पंखा नसे. १९९६ साली त्रिमिती खेळांसाठी आलेले व्हूडू ग्राफिक्स पंख्याविनाच चाले. पुढे चिपमधले ट्रान्झिस्टर वाढले, त्यांच्या उघडझापीचा वेग वाढला, आणि १९९९ च्या जीफोर्स २५६ वर छोटा पंखा येऊन बसला. या पंख्याच्या आवाजाची सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र २००३ सालची आहे.

कॅनडाच्या एटीआय कंपनीने ऑगस्ट २००२ मध्ये रेडिऑन ९७०० प्रो हे कार्ड बाजारात आणले. त्याची चिप ३२५ मेगाहर्ट्‌झवर चाले. पण चिप आणि स्मृती यांना जोडणारा रस्ता २५६ बिट रुंद होता. अमेरिकेच्या एनव्हिडियाने उत्तरादाखल जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा काढले. त्यातला रस्ता निम्मा, म्हणजे १२८ बिटांचा. अरुंद रस्त्यावरून तेवढीच वाहतूक न्यायची तर गाड्या जोरात पळवाव्या लागतात. म्हणून चिप आणि स्मृती दोन्ही ५०० मेगाहर्ट्‌झवर धावत. एवढे करूनही सेकंदाला १६ अब्ज बाइटच जात. रेडिऑनमध्ये सुमारे २० अब्ज.

चिपला लागणारी शक्ती वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. वेग वाढवायला बहुधा दाबही वाढवावा लागतो, म्हणजे दुहेरी मार. साडेबारा कोटी ट्रान्झिस्टरांची ही उष्णता काढायला तांब्याच्या नळ्या आणि एक लहान, अतिवेगवान पंखा बसवला गेला. प्लास्टिकच्या बोगद्यातून तो पेटीबाहेरची हवा ओढी आणि तापवून पुन्हा बाहेर फेकी. या खटाटोपात कार्डाने शेजारची खाचही अडवली! खेळ सुरू झाला की पंखा किंचाळू लागे. लोकांनी त्याला हातात धरायच्या धूळ-ओढ यंत्राचे, ‘डस्टबस्टर’चे, नाव दिले. कंपनीनेही खिलाडूपणे स्वतःची थट्टा करणारी एक फिल्म काढली; तीत हे कार्ड बागेतली पाने उडवायला वापरलेले दिसते.

पंखा एवढा का ओरडतो? वेग दुप्पट केला तर हवा दुप्पटच मिळते. आवाजाची शक्ती मात्र ढोबळमानाने वेगाच्या पाचव्या घाताने, म्हणजे ३२ पट वाढते. डेसिबलमध्ये ही वाढ १५ होते. तेवढीच हवा मोठ्या पात्यांचा पंखा सावकाश फिरून देतो. म्हणजे जी चूक रस्त्यात झाली तीच पंख्यात झाली, असे आम्हांला वाटते: रुंदीची उणीव वेगाने भरून काढायची. मे २००३ मध्ये आलेल्या एफएक्स ५९०० अल्ट्राचा रस्ता २५६ बिटांचा होता, चिप ४५० मेगाहर्ट्‌झवर उतरली होती आणि पंखाही बराच शांत झाला होता.

तेव्हा आपल्या संगणकाचा पंखा ओरडू लागला, की तो बदलण्याआधी तो एवढा पळतो कशासाठी, हे पाहावे. आवाज खेळाबरोबर हळूहळू चढत असेल तर उष्णता अडली आहे. बहुधा धातूच्या पट्ट्यांत धूळ साचलेली असते. वीज बंद करून, पाते बोटाने धरून ती मऊ ब्रशने काढावी. पाते हलवताना डुगडुगले किंवा खरखरले तर बेअरिंग झिजले आहे. आणि पंख्याचा वेग बदलूनही बारीक शिट्टी तशीच राहिली, तर ती पंख्याची नव्हेच. कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांची असण्याचा संभव आहे.