मधुमेही पायांची आग आणि अ‍ॅक्युपंक्चर

मधुमेह जुना झाला, की अनेकांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात. रात्री त्रास वाढतो. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. वाढलेल्या साखरेमुळे मज्जातंतूंना व त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना होणारी इजा हे याचे कारण. सर्वांत लांब तंतू पायांपर्यंत जातात, म्हणून प्रारंभ तेथूनच होतो. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन ही औषधे वेदना कमी करतात; परंतु गुंगी, चक्कर, मळमळ यांमुळे काहींना ती मानवत नाहीत. असे रुग्ण अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करतात.

या मूळच्या चिनी पद्धतीत गुडघ्याखालील व घोट्याजवळील ठराविक बिंदूंवर अतिशय बारीक सुया टोचून काही वेळ ठेवतात. त्यामुळे एन्डॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये शरीरात स्रवतात, असे आधुनिक स्पष्टीकरण दिले जाते.

मँचेस्टर येथील अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांत सहापर्यंत उपचारसत्रे पूर्ण केलेल्या ४४ रुग्णांपैकी ७७ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे सुयांचा गुण किती आणि विश्वासाचा किती, हे त्यावरून ठरत नाही. त्याच अभ्यासातील दुसरी नोंद अधिक मोलाची आहे, पण ती सहसा सांगितली जात नाही. एचबीए१सी किंवा पायाला कंपन जाणवण्याची चाचणी, दोन्हींत लक्षणीय फरक पडला नव्हता. म्हणजे वेदना शमली, तरी बधिरपणा तसाच राहिला.

खरा धोका येथेच आहे. आग थांबली म्हणजे पाय बरा झाला, असे समजून रुग्ण निर्धास्त होतो. चपलेतला खडा कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच डॉक्टरांकडे धाव घेतली जाते. वेदना असो वा नसो, रोज रात्री तळवे पाहावेत, अनवाणी फिरू नये, साखरेची औषधे सोडू नयेत. सुयांच्या जोडीला काही ठिकाणी जळत्या वनस्पतीचा शेक देतात. बधिर पायाला तो मुळीच घेऊ नये. भाजलेले कळतच नाही. जखम झालेल्या वा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर सुया टोचून घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा पेसमेकर बसविला असल्यास तसे आधीच सांगावे. सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असाव्यात. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचारकाची नोंदणी विचारण्यात संकोच नसावा.

आणखी एक गोष्ट. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः शाकाहारी व्यक्तींमध्ये, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते आणि तिच्यामुळेही मुंग्या येतात. ती तपासणी सुयांच्या आधी करून घ्यावी.