बंदर, रूळ, पूल : प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या नगरांच्या अभ्यासाकडे

कॅनडाच्या पूर्वेला, सेंट लॉरेन्सच्या आखातात, तांबड्या मातीचे एक लांबट बेट आहे. प्रिन्स एडवर्ड आयलंड हा त्या देशातला सर्वांत लहान प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ५,६६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडेसेच जास्त. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या १,५४,३३१. शहराचा दर्जा मिळालेली ठिकाणे दोनच : शार्लटटाउन आणि समरसाइड. बाकी सगळी लहान गावे, बंदरे आणि बटाट्याची शेते.

एवढ्याशा प्रांतात नगरांचा अभ्यास करण्यासारखे काय असणार, असे नव्या अभ्यासकाला वाटणे साहजिक आहे. माझे मत अगदी उलट आहे. मोठ्या शहरात शंभर कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. कोणत्या कारणाने काय घडले हे सोडवून सांगता येत नाही. या बेटावर मात्र एक धक्का बंद झाला, एक रेल्वेमार्ग आला, एक लष्करी तळ उठला, की त्याचा परिणाम गावावर स्वच्छ दिसतो. नगराचा वृत्तान्त लिहायला शिकायचे असेल तर यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

आपल्याकडे स्थलवर्णनाची जुनी सवय आहे. जिल्हा गॅझेटियर उघडले की गावाची लोकसंख्या, देवळे, बाजाराचा वार, जवळचे स्टेशन हे सगळे ओळीने मिळते. ती माहिती मोलाची असते. पण गाव नेमके तिथेच का वसले आणि तिथे टिकले का, हे त्यातून क्वचितच कळते. बेटावरच्या नगराला हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा लागतो. माणसे आणि माल बेटावर कुठून येतात, कुठून बाहेर पडतात, यावर तिथले प्रत्येक गाव उभे आहे.

इथल्या आजच्या नगरांची सुरुवात कागदावर झाली. मिग्मॉ लोक या बेटाला एपेक्विट्क म्हणत आणि हजारो वर्षे इथे राहत होते. फ्रेंचांनी १७२०मध्ये पोर्ट-ला-जॉय ही वसाहत केली. १७५८मध्ये इंग्रजांनी बेट घेतले आणि बहुतेक अकेडियन, म्हणजे तिथल्या फ्रेंच, रहिवाशांना हाकलून दिले. मग सॅम्युएल हॉलंड या सर्वेक्षकाने १७६४-६५मध्ये बेट मोजले. तीन परगणे, सुमारे वीस-वीस हजार एकरांचे ६७ भाग, आणि प्रत्येक परगण्याला एक मुख्य नगर. १७६७मध्ये लंडनमध्ये चिठ्ठ्या टाकून हे भाग वाटले गेले. जमीन मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी बेट कधी पाहिलेही नाही. या गैरहजर जमीनदारीचा प्रश्न पुढे शतकभर चिघळला आणि १८७५च्या जमीन खरेदी कायद्यानंतरच मिटत गेला. बेटावरच्या कोणत्याही गावाचा इतिहास वाचताना कुळांचा हा संघर्ष पाठीमागे असतो, हे विसरून चालणार नाही.

हॉलंडने आखलेल्या तीन नगरांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. शार्लटटाउन राजधानी झाले. जॉर्जटाउनचे बंदर उत्तम, खोल. तरी व्यापार राजधानीकडे वळला आणि ते लहानच राहिले. तिसरे, माल्पेक उपसागरावरचे प्रिन्सटाउन, कधी उभेच राहिले नाही. रस्ते आखले, भूखंड पाडले, पण बंदर उथळ. गाव वसले नाही. प्रिन्स परगण्याचे मुख्य ठिकाण पुढे सेंट एलेनॉर्सला आणि तिथून समरसाइडला गेले. नगरांच्या वृत्तान्तात न वसलेल्या या नगरालाही पूर्ण प्रकरण मिळाले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. सरकारी आखणी कुठवर पोचते आणि पाण्याची खोली कुठे निर्णय घेते, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.

शार्लटटाउनवर इतके लिहिले गेले आहे की इथे दोनच गोष्टी पुरेत. सप्टेंबर १८६४मध्ये कॅनडाच्या एकीकरणाची पहिली परिषद तिथल्या विधिमंडळाच्या दगडी इमारतीत भरली. त्याच आठवड्यात गावात सर्कस आली होती, वीसहून अधिक वर्षांनी. हॉटेले भरलेली, त्यामुळे कॅनडाहून आलेल्या काही प्रतिनिधींना आपल्या जहाजावरच मुक्काम करावा लागला. हा किस्सा नेहमी गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात त्या गावाचे नेमके माप दिसते. राजधानी होती, पण एक सर्कस आणि एक परिषद एकाच वेळी सामावून घेण्याएवढी नव्हती. दुसरी गोष्ट १८६६च्या आगीची. त्या आगीत लाकडी इमारतींचे अख्खे चौक जळाले, आणि आज जुन्या भागात दिसणाऱ्या विटांच्या इमारतींमागे तो धडा आहे.

रेल्वेने गावांची नवी मांडणी केली. १८७१मध्ये काम सुरू झाले ते मैलामागे दर ठरवून. एकूण लांबीवर मात्र मर्यादा नव्हती. मार्ग वळणे घेत गेला, प्रत्येक वस्तीला स्टेशन हवे होते, आणि कर्ज इतके वाढले की १८७३मध्ये बेट कॅनडात सामील झाले त्यामागे तेही एक मोठे कारण होते. स्टेशनाभोवती केन्सिंग्टनसारखी गावे वाढली. १९८९मध्ये रेल्वे बंद झाली; त्या वाटेवर आता लोक चालतात, सायकली चालवतात. जुने रूळ कुठून कुठे जात होते ते पाहिल्याशिवाय आतल्या गावांचा क्रम लागत नाही. १८८०चा मीचमचा सचित्र नकाशासंग्रह आणि अँड्र्यू हिल क्लार्क यांचा १९५९चा ऐतिहासिक भूगोल शेजारी ठेवून वाचले, तर हे काम फार सोपे होते.

समरसाइडवर माझा विशेष जीव आहे. जहाजबांधणीने ते वाढले. लाकडी जहाजांचे दिवस संपल्यावर ते विझून जायला हवे होते. पण बेटाच्या पश्चिमेला आल्बर्टनजवळ चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट औल्टन यांनी चंदेरी कोल्हे पिंजऱ्यात वाढवण्यात यश मिळवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या कातड्यांना लंडनच्या बाजारात अफाट भाव आला. जातिवंत कोल्ह्यांच्या जोड्या हजारो डॉलरना विकल्या जाऊ लागल्या. समरसाइडच्या रस्त्यांवर त्या पैशांतून बांधलेली रुंद व्हरांड्यांची मोठी घरे आजही आहेत. लोक त्यांना ‘कोल्ह्यांची घरे’ म्हणतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्करी हवाई तळ आला, त्यावर अनेक वर्षे गावाचे पोट चालले, आणि १९९१च्या सुमारास तोही तळ बंद झाला. तरीही १९९५मध्ये समरसाइड शहर झाले. एका आधारावरून दुसऱ्यावर जाण्याची ही हातोटी कशी आली, याचे समाधानकारक उत्तर मी अजून वाचलेले नाही. कोणी तरुण अभ्यासकाने ते शोधावे.

मात्र नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने सुरुवात बॉर्डनपासून करावी. प्रांत सामील होताना मुख्य भूमीशी अखंड वाहतूक ठेवण्याचे वचन कॅनडाने दिले होते. हिवाळ्यात बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली सामुद्रधुनी गोठत असे. तेव्हा टपाल आणि प्रवासी लहान होड्यांतून जात. बर्फ आला की होडी ओढून न्यायची, आणि ओढायला हात लावणाऱ्या प्रवाशाला भाडे कमी पडे. १९१७मध्ये रेल्वेचे डबे वाहून नेणारी बर्फफोडी फेरी सुरू झाली आणि तिच्यासाठीच पोर्ट बॉर्डन हे गाव उभे राहिले. धक्का, रूळ, खलाशी, त्यांची घरे, रांगेत थांबलेल्यांना खायला घालणारी हॉटेले : सगळे फेरीचे. १९८८मध्ये बेटावर कौल घेतला गेला, सुमारे साठ टक्के लोक कायमच्या जोडणीच्या बाजूने झाले, आणि ३१ मे १९९७ रोजी १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल खुला झाला. बॉर्डनची फेरी त्याच दिवशी थांबली. पुलाचे एक टोक याच गावात उतरते, पण गाडीला तिथे थांबायचे कारण उरले नाही. टोल घेतला जातो तो फक्त बेट सोडून जाताना.

गावाच्या मुळाशी काय होते आणि ते गेल्यावर काय उरले, हे इथे एका माणसाच्या आयुष्यात मावते. फेरीवर काम केलेली माणसे अजून आहेत. नकाशे, जनगणनेचे तक्ते आणि जमिनीच्या नोंदी अभिलेखागारात सुरक्षित आहेत. ते सगळे नंतरही पाहता येईल. धक्क्यावरच्या पाळ्या कशा लागत, वादळात फेरी अडकली की गाव काय करी, पूल आल्यावर पहिल्या हिवाळ्यात कोण कुठे कामाला गेले, हे मात्र त्या माणसांनाच विचारायला हवे, आणि तेही आत्ताच. अभ्यासकाने पहिली वही त्यासाठी घालावी.