मणका सरकला की गादी?
बंगळुरूच्या शिवाजीनगरात बाउरिंग अँड लेडी कर्झन हॉस्पिटल आहे. तिथे माझ्या आत्याचा कमरेचा एक्स-रे काढला. घरात सगळे ‘गादी सरकली’ म्हणत होते. सरकला होता मणका. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. इथे अख्खा मणकाच खालच्या मणक्यावरून पुढे घसरतो.

या हॉस्पिटलच्या नावातला ‘लेडी कर्झन’ हा भाग बायकांच्या दवाखान्याचा. आणि गंमत बघा, या आजाराची पहिली नोंदही बाळंतपणातलीच. १७८२ साली बेल्जियमच्या हर्बिनियो या प्रसूतितज्ज्ञाला कमरेच्या तळाशी हाडाचा उंचवटा आढळला, बाळाची वाट अडवणारा. १८५४ मध्ये किलियनने ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, स्पॉन्डिलोलिस्थेसिस. एक्स-रेचा शोध तर त्यानंतरचा, १८९५ चा! १९३२ मध्ये मेयरडिंगने घसरणीच्या पायऱ्या पाडल्या. पाव मणक्यापर्यंत घसरला तर पहिली.

आत्याची पहिलीच होती. जड उचलणं बंद केलं, पोट-कमरेचे व्यायाम केले आणि ती पुन्हा बाजारात जाऊ लागली. पायातलं बळ जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तेव्हा ऑपरेशनने नसा मोकळ्या करतात, मणके स्क्रूने जखडतात.