इस्पितळाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. लोकांनी पुढे त्या म्हणीत आपल्या मनानेच ‘दवाखान्याची’ हा आणखी एक शब्द घातला. कोर्टाची भीती समजू शकते, तिथे पैसा जातो आणि वर्षं जातात. पण जिथे माणूस बरा व्हायला जातो, त्या जागेचं नाव काढताच पोटात गोळा का यावा? शिकलेली माणसंसुद्धा आठ-आठ दिवस दुखणं अंगावर काढतात आणि ‘बघू, उतरेल आपोआप’ म्हणत बसतात. याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र हा निकाल घाईचा वाटतो. ही भीती कधी साफ चुकीची होती, तर कधी डॉक्टरांच्याही आधी खरं ओळखणारी होती. त्यातलं काय कुठे होतं, हे आज तपासून पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे इस्पितळ ही मुळात सगळ्यांची जागा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातसुद्धा खात्यापित्या घरचा माणूस घरीच उपचार घेई, शस्त्रक्रियाही घरीच करवून घेई. इस्पितळात जाई तो गरीब, ज्याला कुणी पाहणारं नाही असा. आपल्याकडेही मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ साली आणि पुण्याचं ससून १८६७ साली उभं राहिलं ते जमशेटजी जीजीभॉय आणि डेव्हिड ससून यांच्या दानातून. जिथे निराधार जातात आणि फार उशिरा जातात, तिथून परत येणारे थोडेच असणार. माझ्या लहानपणीही गावात ‘त्याला सिव्हिलला नेलंय’ हे वाक्य आवाज खाली घेऊन बोललं जाई, आणि ऐकणाऱ्याने पुढचं काही विचारायचं नसे.

आता व्हिएन्नाला जाऊ. १८४०च्या दशकात तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. एक दिवस या विभागात तर पुढचा दिवस त्या विभागात, अशी भरतीची पाळी असे. शहरातल्या गरीब बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, पहिल्या विभागात गेलेली बाई बाळंतज्वराने मरते. तिथे टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. काही जणी तर वाटेतच, रस्त्यावर बाळंत होणं पत्करत. डॉक्टर याला बायकांचा खुळेपणा समजत.

तिथेच काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने आकडे मांडून पाहिले. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या, दुसऱ्या विभागात तीनहून कमी. आणि रस्त्यावर बाळंत होऊन आलेल्या बायकांना हा ताप क्वचितच येई. म्हणजे बायका बरोबर होत्या. कारण सापडलं ते १८४७ साली. शवविच्छेदन करताना सेमेलवाइसच्या एका मित्र-प्राध्यापकाला विद्यार्थ्याच्या सुरीचा ओरखडा लागला आणि तो बाळंतिणींसारखीच लक्षणं होऊन मेला. विद्यार्थी आणि डॉक्टर प्रेतं फाडून तसेच बाळंतिणींना तपासायला येत होते. मृत्यू त्यांच्या हातांवरून येत होता! सेमेलवाइसने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. तरीही पुष्कळशा बड्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आपल्या हातून रोगी मरतात हे ऐकून घेणं कुणाला आवडणार? सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला.

हा एका शहरापुरता अपवाद होता असं कुणी म्हणेल. पण १८६९ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने हात-पाय कापण्याच्या दोन-दोन हजार शस्त्रक्रियांची तुलना केली. क्लोरोफॉर्म वापरात आणणारे ते हेच सिम्पसन. खेड्यापाड्यांत रोग्याच्या घरी झालेल्या शस्त्रक्रियांत शंभरातले साधारण अकरा दगावले होते, मोठ्या इस्पितळांत एक्केचाळीस. तेव्हा दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जो इस्पितळाला भ्यायला, त्याची भीती हिशेबाला धरूनच होती.

आता आपल्या घरची गोष्ट. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोनच आठवड्यांत, ६ ऑक्टोबरला, पालिका आयुक्तांनी हुकूम काढला. संशयित घरात शिरायचं, घर धुऊन काढायचं, रोग्याला गरज पडल्यास जबरदस्तीने इस्पितळात हलवायचं. रोगी जात ते आर्थर रोडच्या साथीच्या रोगांच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात. ऑक्टोबर संपायच्या आत सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी या इस्पितळावर चाल केली.

त्या दिवसांतल्या अफवा आज वाचल्या तर हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतात म्हणे. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं होतं, म्हणून राणीने सूड म्हणून इथल्या लोकांची काळजं मागवली आहेत म्हणे. हे सगळं धादांत खोटं होतं. पण त्या काळाचे वृत्तांत चाळताना मला वाटत राहतं, की अफवा खोटी असली तरी तिच्याखालची जमीन खरी होती. माणसाला खरोखरच घरातून उचलून नेत होते. नेलेला बहुधा परत येत नव्हता, कारण प्लेगवर औषध नव्हतंच. ते मिळायला अजून जवळजवळ पन्नास वर्षं होती. आत काय चाललंय हे नातेवाइकांना दिसत नव्हतं. जातीबाहेरच्या हाताचं पाणी, परक्या पुरुषाने बाईमाणसाच्या काखेत-जांघेत गाठ चाचपणं, आणि शेवटी प्रेताचा निर्णयही घरच्यांच्या हाती नसणं. एवढं सगळं ज्याच्या दाराशी आलं, त्याने मोमियाईवर विश्वास ठेवला तर त्याला नुसतं खुळा म्हणून कसं चालेल?

१८९७ साली साथरोग कायदा झाला आणि सक्तीला कायद्याचं बळ मिळालं. पुण्यात मार्च ते मे या काळात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेपासून वाचतो. पण त्याच काळातली दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सोजिरांच्या दांडगाईवर कडक टीका करणाऱ्या टिळकांनीच पुण्यात हिंदूंसाठी वेगळं प्लेगचं इस्पितळ उभं करण्यात पुढाकार घेतला. मुंबईतही वेगवेगळ्या समाजांनी आपापली इस्पितळं काढली. औषध तिथेही नव्हतं. पण आपली भाषा बोलणारं माणूस होतं आणि घरच्या माणसाला रोग्याजवळ जाता येत होतं. लोक तिथे येऊ लागले.

आणि हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना होता. तिथे सावित्रीबाई रोग्यांना स्वतः आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला सोजीर उचलून नेतात तेही इस्पितळातच, आणि सावित्रीबाई पाठीवर नेतात तेही इस्पितळातच. फरक नेणाऱ्या हाताचा आहे.

यात एक मोठा विपर्यास होता. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो असं १८९८ साली कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँने दाखवलं. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं लागली. म्हणजे गाठ आलेल्या रोग्याला खेचून नेण्याने साथ फारशी थांबणार नव्हती. धोका होता तो उंदीर मरून पडलेल्या घरात. प्लेगच्या इस्पितळांतल्या सेवकांना हा रोग क्वचितच होई. तेव्हा लोक ज्या जागेला मृत्यूचं घर समजत होते, ती लागण होण्याच्या दृष्टीने राहत्या चाळीपेक्षा सुरक्षित होती. सक्ती करणाऱ्यांचा तर्क चुकला होता, आणि पळणाऱ्यांचाही.

सव्वाशे वर्षांनी हेच नाटक पुन्हा आपल्यासमोर झालं. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी राज्याने १८९७चाच कायदा लागू केला, आणि मुंबईतले सुरुवातीचे रुग्ण त्याच कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाले. ताप लपवणं, ‘नेलेला परत येत नाही’ ही कुजबुज, काचेपलीकडूनही न दिसलेलं अखेरचं तोंड. अफवांचे शब्द तेवढे नवे होते.

मग आज भ्यावं की नाही? थोडं भ्यावं, पण नेमकं भ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत इस्पितळात दाखल झालेल्या शंभरांपैकी साधारण पंधरा जणांना तिथेच एखादा संसर्ग होतो, श्रीमंत देशांत सात जणांना. म्हणजे सेमेलवाइसचं काम अजून संपलेलं नाही. पण उपायही तितकाच साधा असू शकतो. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मोठ्याने वाचायची एक यादी करण्यात आली. रोगी तोच ना, अवयव तोच ना, प्रतिजैविक दिलं ना, असे ते प्रश्न. या प्रयोगाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केलं. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत तो झाला. २००९ साली निकाल आला, त्यात मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास उतरलं होतं.

दुसरा आकडाही शेजारी ठेवू. २००५-०६ साली देशातली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाहणीत ती जवळपास ८९ टक्के झाली. या सुमारास लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २५४ वरून ९७ वर आले. याचं सारं श्रेय एकट्या दवाखान्याचं नाही. रस्ते, शिक्षण, आहार यांचाही वाटा आहे. पण व्हिएन्नाची बाई रस्त्यावर बाळंत होणं पत्करत होती ते शहाणपणाचं होतं. आज तसं करणं शहाणपणाचं नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, साप चावला, बाळंतीण अडली, तर भीतीला विचारत बसू नका, गाडी बोलवा. पण आत गेल्यावर तोंड बंद ठेवू नका. तपासणाऱ्याने हात धुतले का, ही तपासणी कशासाठी, सलाईनची सुई किती दिवसांची आहे, घरी कधी सोडणार, खर्च किती, हे सगळं विचारा. आणि डॉक्टर-परिचारिकांनो, कुणी हे विचारलं तर चिडू नका. उत्तर न मिळालेल्या प्रश्नांतूनच मोमियाईच्या गोष्टी तयार होतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)