पुन्हा जागेवर आलेली ललाटपट्टी

थायलंडला चार-पाच दिवसांसाठी जाणारा आपल्याकडील प्रवासी बँकॉक, पट्टाया आणि वेळ उरलाच तर फुकेत एवढे पाहून परततो. ह्यात गैर काही नाही. थोड्या दिवसांत थोडेच पाहून होते. मात्र गेल्या सहलीत आम्ही काही सहकाऱ्यांनी हाताशी असलेल्या पाच दिवसांपैकी दोन दिवस बाजूला काढले आणि बँकॉकपासून सुमारे चारशे किलोमीटरवरील बुरीराम ह्या ईशान्येकडील प्रांतात गेलो. तेथील फनोम रुंग हे मंदिर पाहावयाचे होते. साहित्य शिकविणाऱ्यांनी ते का पाहावे, ह्याचे उत्तर त्या मंदिराच्या एका दारावर आम्हांला मिळाले. त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

फनोम रुंग हे एका विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर उभे आहे. ‘फनोम’ म्हणजे पर्वत. हा शब्द ख्मेर भाषेतला. दहाव्या ते तेराव्या शतकांत, म्हणजे हा मुलूख ख्मेर राजसत्तेच्या प्रभावाखाली होता त्या काळात, टप्प्याटप्प्याने हे शिवमंदिर घडत गेले. मुख्य प्रासाद बाराव्या शतकातील असून त्याचा संबंध नरेंद्रादित्य ह्या महीधरपुर घराण्यातील पुरुषाशी जोडला जातो. त्याचा पुत्र हिरण्य ह्याने कोरविलेल्या संस्कृत लेखात पित्याचे पराक्रम आणि पुढे त्याने पत्करलेले विरक्त जीवन ह्यांचे वर्णन आहे. हा लेख साधारण इसवी सन ११५० च्या सुमाराचा मानतात. ‘विवेकसिंधु’चा परंपरेने सांगितला जाणारा शके १११० हा काळ लक्षात घेतला, तर आपल्याकडे मराठी ग्रंथरचना आकार घेत असताना तिकडे शैव संन्यासाची भाषा संस्कृत श्लोकांतून दगडावर उतरत होती, हे ध्यानात येते.

पायथ्याकडून सुमारे १६० मीटर लांबीचा फरसबंद मार्ग मंदिराकडे जातो. वाटेत पंचफणी नागांचे कठडे असलेला सेतू लागतो, मग चढत्या पायऱ्या आणि त्यानंतर पूर्वद्वार. दारे अशी एका रेषेत मांडली आहेत की वर्षातील ठरावीक दिवशी उगवत्या सूर्याचा किरण पंधराही दारांतून आरपार जातो. एप्रिलच्या आरंभी हा योग पाहण्यासाठी गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा तो योग नव्हता. शांतता होती, आणि दारासमोर हवा तितका वेळ उभे राहता आले.

मुख्य प्रासादाच्या पूर्वद्वारावर दोन शिल्पफलक एकावर एक आहेत. वरच्या फलकावर दशभुज नटराज नृत्य करीत आहे. त्याच्या खाली, नेमकी चौकटीवर टेकलेली, गुलाबी छटेच्या वालुकाश्मातील ललाटपट्टी आहे. तिच्यावर शेषशायी विष्णू पहुडला आहे, पायांशी लक्ष्मी आहे, आणि वर उमललेल्या कमळात ब्रह्मा बसला आहे. आपल्याकडील कीर्तिमुखांशी नाते सांगणारी कालमुखेही तिच्यावर आहेत. शेषाच्या खाली मात्र एक मकरसदृश प्राणी आहे; तो आपल्या शेषशायी मूर्तींत भेटत नाही. थाई लोक ह्या शिळेला नारायणाच्या नावाने ओळखतात.

वेरूळच्या पंधराव्या लेण्यात नटराज आणि शेषशायी दोघेही भेटतात, पण स्वतंत्र शिल्पपटांत. येथे ते एकाच दाराच्या कपाळावर, एकाखाली एक आहेत. वर संहाराचे नृत्य आणि खाली प्रलयजलावर नव्या सृष्टीची चाहूल. हे दोन फलक मिळून एक विधान होते, असे आम्हांला वाटते. एका कल्पाचा अंत आणि दुसऱ्याचा आरंभ ह्यांमधील उंबरठ्यावर भक्ताने पाऊल ठेवावयाचे आहे. शिवमंदिराच्या दारावर विष्णू कशासाठी, ह्या प्रश्नाचे उत्तर विष्णूच्या फलकात सापडत नाही. त्यासाठी मान वर करून नटराजाकडे पाहावे लागते.

ह्या विधानाचा खालचा अर्धा भाग जवळजवळ पाव शतक तेथे नव्हता.

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात, मंदिर ढासळलेल्या अवस्थेत असताना, ही शिळा नाहीशी झाली. तिचा एक तुकडा १९६५ मध्ये बँकॉकमधील एका पुरावस्तूंच्या दुकानात सापडला. मोठा भाग अमेरिकेत, शिकागोच्या कलासंग्रहालयात प्रदर्शित असल्याचे १९७०च्या दशकाच्या आरंभी थाई कलेतिहासकार राजपुत्र सुभद्रादिस दिस्कुल ह्यांच्या लक्षात आले. थायलंडच्या ललित कला विभागाकडे शिळेची जुनी छायाचित्रे होती, त्यामुळे ती कोठली ह्याविषयी शंका उरत नव्हती. तरीही ती परत यावयास पुढे दीड दशक लागले.

दरम्यान १९७१ पासून मंदिराच्या पुनर्बांधणीचे काम सुरू झाले होते. ढासळलेला प्रत्येक दगड ओळखून, त्याला क्रमांक देऊन तो मूळ जागी बसविण्याची ही पद्धत. काम सतरा वर्षे चालले. मे १९८८ मध्ये राजकन्या सिरिन्धोर्न ह्यांच्या हस्ते ऐतिहासिक उद्यानाचे उद्घाटन झाले तेव्हा हजारो दगड आपापल्या जागी होते आणि मुख्य दारावरील शिळा मात्र शिकागोत होती. ह्या रिकाम्या जागेने लोकांना जागे केले. निदर्शने झाली. काराबाओ ह्या लोकप्रिय रॉक गटाने ह्याच ललाटपट्टीवर गाणे रचले. अखेर एका अमेरिकी प्रतिष्ठानाने संग्रहालयाची भरपाई करण्याची तयारी दाखविल्यावर तोडगा निघाला आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये शिळा मायदेशी परतली. ती पुन्हा दारावर बसविण्यात आली. तुटल्याच्या खुणा आजही तिच्यावर स्पष्ट दिसतात.

संग्रहालयाच्या बाजूनेही बोलता येईल. शिकागोत ती सुरक्षित होती, चांगल्या प्रकाशात होती, आणि बुरीरामचे नावही न ऐकलेल्या असंख्य लोकांनी ती पाहिली. ढिगाऱ्यात राहिली असती तर कदाचित तिचे आणखी तुकडे झाले असते. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण त्या प्रकाशात लोकांनी नेमके काय पाहिले? एक सुंदर शेषशायी विष्णू. त्याच्यावर नाचणारा शिव त्यांना दिसणे शक्यच नव्हते. एखाद्या ओवीचा अर्धा चरण सुभाषित म्हणून भिंतीवर टांगावा, तसे हे झाले. सौंदर्य शिल्लक राहिले, अर्थ मात्र दारावरच राहून गेला. संदर्भापासून तोडलेला उतारा विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्याचे ‘रसग्रहण’ मागणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना हा अपराध परका वाटू नये.

फनोम रुंगच्या जवळच्याच प्लाय बात टेकडीची कथा अधिक दुःखाची आहे. तेथील एका मंदिराच्या परिसरात १९६४ मध्ये सापडलेल्या कांस्यमूर्तींचा निधी जगभरच्या संग्रहांत विखुरला. आणि ज्या ‘गोल्डन बॉय’ मूर्तीचा गाजावाजा झाला, तीही बुरीराम प्रांतातूनच गेल्याचे थाई तज्ज्ञ मानतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ती परत करण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, आणि मे २०२४ मध्ये ती बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली. हा शिव आहे की राजा जयवर्मन सहावा, ह्याविषयी अजूनही एकमत नाही. मूर्ती कोणत्या गाभाऱ्यात, कोणाच्या समोर उभी होती, ह्याची नोंद राहिली असती तर कदाचित हा प्रश्नच पडला नसता. चोर मूर्ती नेतो तेव्हा तिचे नावही पुसून जातो. देशात परत येणे आणि जागेवर परत येणे ह्यांत अंतर आहे ते हे.

‘जागा’ म्हणताना आणखी एक अडचण उभी राहते. १९८८ मध्ये थाई जनतेने ज्या शिळेला आपला राष्ट्रीय ठेवा म्हटले, ती घडविणारे हात ख्मेर परंपरेचे होते. आणि बुरीराम-सुरीनच्या खेड्यांत ख्मेर बोलणारे लोक आजही थाई नागरिक म्हणून राहतात. प्रिअ विहिअर मंदिर कंबोडियाचे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये दिला, तरी वाद शमला नाही. जुलै २०२५ मध्ये सुरीन प्रांताच्या सीमेवरील ता मुआन थोम ह्या मंदिराच्या परिसरात थायलंड आणि कंबोडिया ह्यांच्या सैन्यांत चकमकीला तोंड फुटले आणि पाहता पाहता ती दूरवर पसरली. तेही शिवमंदिरच. ज्यांनी ते बांधले त्यांच्या काळी ही सीमारेषा नव्हती. संदर्भाचा आग्रह धरावयाचा तर तो राष्ट्राच्या सीमेपाशी थांबविता येत नाही, हे मान्य करावे लागते.

दुसऱ्या दिवशी परतण्यापूर्वी आम्ही पायथ्याकडील मुआंग तम हे मंदिर पाहिले. चार कोपऱ्यांत चार कोनाकृती तळी आणि त्यांच्या काठांवर दगडी नाग आहेत. विटांच्या पाच शिखरांपैकी मधले कोसळले आहे. तेथे आता फक्त जोते दिसते. मधली जागा रिकामी ठेवूनच हे मंदिर जतन केले आहे. जे नाही ते नाही म्हणून दाखविणे, हाही प्रामाणिक पाठसंपादनाचाच एक प्रकार म्हणता येईल.

दोन दिवसांत एखादा प्रांत कळत नाही, आणि तसा दावा आम्ही करणारही नाही. पण एक दार नीट वाचण्यास दोन दिवस पुरतात. फनोम रुंगच्या पूर्वद्वाराशी गेलात तर नारायणाचे छायाचित्र घेऊन लगेच आत वळू नका. मान थोडी आणखी वर करा. पाव शतक खालची ओळ गमावून जो नाचत राहिला, तो तेथे आहे.