सेव्हरीन : आधी पाहिले, मग लिहिले



१८९० साली फ्रान्समधील सेंत-एत्येन या कोळशाच्या गावी एका खाणीत स्फोट झाला. शंभराहून अधिक मजूर प्राणांस मुकले. तारेने आलेली बातमी समोर ठेवून, कचेरीतील खुर्चीत बसूनही अशा प्रसंगी हृदयद्रावक मजकूर लिहिता येतो. परंतु पस्तीस वर्षांच्या एका बाईला तसे लिहिणे मान्य नव्हते. ती पॅरिसहून सेंत-एत्येनला गेली, स्वतः खाणीत उतरली आणि वर आल्यावर लिहू लागली. त्या बाईचे लेखनातले नाव सेव्हरीन. पाहिल्यावाचून लिहू नये, हा एवढाच धडा घेण्यासाठी आज त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्यांचे मूळ नाव कारोलीन रेमी. जन्म पॅरिसमध्ये, २७ एप्रिल १८५५ रोजी. वडील पोलीस खात्याच्या कचेरीत नोकरीला. घर मध्यमवर्गीय, शिस्तीचे आणि चार लोक काय म्हणतील या धाकातले. १८७२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिचे लग्न लावून देण्यात आले. तो संसार तिला असह्य झाला आणि थोड्याच काळात ती नवऱ्यापासून वेगळी झाली. वेगळे होता आले, तरी मोकळे होता येईना. कारण फ्रान्समध्ये १८१६ साली रद्द झालेला घटस्फोटाचा कायदा १८८४ पर्यंत पुन्हा आला नव्हता. पुढे आद्रियें गेबार या विद्वान डॉक्टरांशी त्यांचे जीवन जुळले, पण कायद्याने विवाह व्हायला १८८५ साल उजाडले. स्त्रीचे दुःख आणि कायद्याचे कलम यांचा संबंध काय असतो, हे बाईंना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही.

ब्रसेल्समध्ये त्यांची गाठ झ्यूल व्हालेस यांच्याशी पडली. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये भाग घेतल्यामुळे परागंदा झालेला हा लेखक. १८८० च्या माफीनंतर तो मायदेशी परतला आणि कारोलीन त्याची लेखनिक झाली. घरच्यांनी या कामाला मनाई केली, तेव्हा तिने स्वतःच्या छातीवर पिस्तूल झाडून घेतले. सुदैवाने ती वाचली; आणि मग मात्र घरच्यांचा विरोध गळून पडला. लेखणीसाठी जिवावर उदार होणे म्हणजे काय, हे येथे अक्षरशः घडले.

१८८३ साली व्हालेस यांनी आपले ‘ल क्री द्यु पप्ल’, म्हणजे ‘जनतेची हाक’, हे पत्र पुन्हा सुरू केले. त्यात या बाईंचे पहिले लेख आले ते ‘सेव्हरीन’ या स्त्रीच्या नावाने नव्हे, तर ‘सेव्हरँ’ या पुरुषी नावाने. १८८५ च्या फेब्रुवारीत व्हालेस वारले आणि दैनिकाचा भार तिशीला आलेल्या या स्त्रीवर आला. फ्रान्समध्ये एवढ्या मोठ्या दैनिकाची सूत्रे सांभाळणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पण संपादक मंडळातील झ्यूल गेद यांच्या पंथाच्या समाजवाद्यांशी त्यांचा खटका उडाला. त्यांना तत्त्वाची चौकट हवी होती. बाईंना माणूस हवा होता. १८८८ साली बाईंनी ते पत्र सोडले.

त्यानंतर त्या अनेक पत्रांत, निरनिराळ्या पक्षांच्या पत्रांतही, लिहून पोट भरू लागल्या. १८९२ साली साखर कारखान्यातील कामकरी स्त्रियांनी संप केला, तेव्हा बाई मजुरणीचा वेष घेऊन त्यांच्यात शिरल्या. त्याच वर्षी त्या रोमला गेल्या आणि पोप तेरावे लिओ यांची मुलाखत घेऊन आल्या. ज्यूंविरुद्ध युरोपात जो द्वेष पेटत होता, त्याविषयी पोपला काय वाटते, हे त्यांना विचारायचे होते. मजुरणीच्या घोळक्यात आणि पोपच्या महालात सारख्याच निर्भयपणे जाणारी ही लेखणी!

टीकाकारांनी त्यांची ‘डोळ्यांत अश्रू असलेली देवी’ अशी टवाळी केली. तिच्यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांची भाषा कधी भरून वाहते. राजकारणात त्या चुकल्याही. जनरल बुलांजेसारख्या सत्तालोलुप माणसाच्या चळवळीविषयी त्यांना काही काळ सहानुभूती वाटली. परंतु दोन प्रकारचे अश्रू असतात, श्रोतेहो. एक घरबसल्या येतात आणि दुसरे पाहून येतात. बाईंचे अश्रू दुसऱ्या जातीचे होते. शिवाय ते गाळून त्या थांबत नसत. वाचकांकडून पैसा गोळा करून गरजूंच्या घरी पोचवीत.

९ डिसेंबर १८९७ रोजी मार्गरीत द्युराँ यांनी ‘ला फ्राँद’ हे दैनिक काढले. लिहिणाऱ्या बायका, खिळे जुळवणाऱ्याही बायका! सेव्हरीनबाई तेथे नियमित लिहू लागल्या. कॅप्टन ड्रेफस या निरपराध ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवण्यात आले होते. १८९९ साली रेन या गावी त्याचा फेरखटला चालला, तेव्हा बाई न्यायालयात बसून सारे टिपून घेत होत्या. ड्रेफसला पुन्हा दोषी ठरवले गेले, मग माफी मिळाली, आणि १९०६ साली तो पूर्ण निर्दोष ठरला.

मताधिकाराच्या मागणीत आरंभी त्यांना फारसा रस नव्हता. संसदेवर त्यांचा विश्वासच बेताचा होता. पण ५ जुलै १९१४ रोजी पॅरिसमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी जी मिरवणूक निघाली, तिच्या अग्रभागी बाई होत्या. आपले मत बदलले हे सांगायला त्या लाजल्या नाहीत. १९२१ साली त्या कम्युनिस्ट पक्षात गेल्या. पण पक्षाने मानवी हक्क संघ सोडण्याचा हुकूम काढताच १९२३ साली त्यांनी पक्षच सोडला. १९२७ साली, सत्तरी उलटल्यावर, अमेरिकेत देहांताची शिक्षा झालेल्या साको आणि व्हान्झेत्ती यांच्यासाठी त्या पुन्हा व्यासपीठावर उभ्या राहिल्या.

२४ एप्रिल १९२९ रोजी पिएरफाँ येथे त्यांचे निधन झाले. फ्रान्समधील स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तो १९४४ साली. म्हणजे मंत्रिमंडळांना जाब विचारणाऱ्या या बाईंना आयुष्यात एकदाही मत देता आले नाही!

उद्या सकाळी वर्तमानपत्र हाती घ्याल, तेव्हा एवढेच विचारा : हे लिहिणारा तेथे गेला होता काय? वाचकांनी हा प्रश्न विचारण्याचे सोडले, की लिहिणारेही जाण्याचे सोडतात.